दात आंबतात, ‘संवेदनशील’ होत नाहीत

थिसिसचा हंगाम आला की दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरतो: ‘दात सगळीकडे सारखेच. ओएचआयपी मराठीत उतरवा, दुसऱ्याकडून परत इंग्रजी करून घ्या. मूळाशी जुळलं आणि अल्फा 0.7 च्या वर आला, की मराठी प्रश्नावली तयार.’ ओएचआयपी म्हणजे ‘ओरल हेल्थ इम्पॅक्ट प्रोफाइल’, दातातोंडाच्या त्रासामुळे रोजच्या जगण्यात काय अडतं, ते मोजणारी प्रश्नावली; अल्फा म्हणजे तिची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात, त्याचा आकडा. सल्ला सोयीचा आहे, म्हणून तर फिरतो.

‘दात सारखेच.’ असतील, पण इथे दात मोजायचेच नाहीत. स्लेड आणि स्पेन्सर यांनी 1994 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला हे 49 प्रश्न मांडले. त्यांतले बहुतेक 64 रुग्णांच्या मुलाखतींतून निघालेली 535 विधानं चाळून आलेले. म्हणजे गाऱ्हाणी तिथल्या माणसांची. जर्मनांनी आपल्या आवृत्तीत 4 प्रश्न वाढवले, जपान्यांनी 5. दात त्यांचेही आपल्यासारखेच होते.

‘उलट भाषांतर जुळलं की झालं.’ खरी गोम इथे आहे. गार-गरम लागून दातांना त्रास होतो का, असा एक प्रश्न आहे. तिथे ‘संवेदनशील दात’ लिहा, उलट भाषांतर अक्षरशः जुळेल. पण संवेदनशील कवी असतो, फार तर एखादा विषय. दात आपल्याकडे आंबतात, शिवशिवतात, ठणकतात, आणि या तिन्ही गोष्टी वेगळ्या. कैरी खाल्ल्यावर आंबतात, गार पाण्याने शिवशिवतात, रात्री झोप उडवतो तो ठणका. ‘दात आंबतात’ लिहिलंत तर इंग्रजीत परत जाताना कुणीतरी ते ‘आंबट’ करून ठेवणार, आणि जुळत नाही म्हणून बरोबर शब्दच खोडला जाणार! उलट भाषांतर निरुपयोगी नाही, ढोबळ चूक ते पकडतं. वाचणाऱ्याला काय कळलं, ते मात्र त्यातून दिसत नाही.

आणि शब्द कळला तरी भागत नाही. ‘दातांमुळे जेवण मध्येच थांबवावं लागलं का?’ असं एका आजींना विचारलं. ‘छे, कधीच नाही.’ शून्य गुण, म्हणजे त्रासच नाही. मग सहज विचारलं, भाकरी कशी खाता? ‘दुधात कुस्करून. चार वर्षं झाली.’ जेवण थांबत नव्हतं, कारण चावायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

उत्तरांच्या पर्यायांचंही तसंच. ‘क्वचित’ आणि ‘अधूनमधून’ यांत एका गुणाचा फरक, तो कागदावर. ‘गेल्या बारा महिन्यांत’पेक्षा ‘गेल्या दिवाळीपासून’ म्हटलं की माणूस निदान आठवायला तरी लागतो.

‘अल्फा 0.7 च्या वर.’ क्रॉनबाखचा अल्फा सांगतो की उत्तरं एकमेकांना धरून आहेत. सगळ्यांनी प्रश्नांचा एकच चुकीचा अर्थ घेतला, तरी तो झकास येतो.

तेव्हा आकडेमोडीआधी तीस-चाळीस जणांसमोर बसा, प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ आम्ही बसलो तेव्हा पहिल्याच आजोबांनी उलट विचारलं, ‘संवेदनशील म्हंजे हलणारे का?’