चौघं जमले की मेंढीकोटच

शनिवारी संध्याकाळी मित्रमंडळी जमली की हल्ली कुणीतरी पिशवीतून बोर्डगेमचा भलामोठा खोका काढतं. बंगळूरला नाहीतर पुण्याला नोकरी करणारा एखादा असतोच. बेळगावचा पाऊस एकदा लागला की उघडायचं नाव घेत नाही, बाहेर जाऊन करणार काय? तेव्हा बसून खेळायला माझी ना नाही. पण खेळ कुठला काढायचा यावर माझं मत पक्कं आहे: पत्त्यांतला मेंढीकोट. ते एकदाच इथं लिहून ठेवतो, दरवेळी तोच वाद नको.

आधी व्यापार. तो लहान पोरांकडेच राहू द्या. ज्याचं दिवाळं निघालं त्यानं पुढचा तासभर करायचं काय? आमच्याकडं तो चहा टाकायला आत जातो. मजा बघा, हा ज्या मोनोपॉलीचा देशी अवतार, तिचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या खेळात आहे. १९०४ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं, आणि खेळ काढला होता तो जमीनमालक भाडेकरूंना कसं नागवतात ते दाखवायला. आपण मात्र मुंबईवर हॉटेल बांधून सख्ख्या भाच्याकडून भाडं उकळतो आणि खूश होतो.

मग कॅटान. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाचा, १९९५ चा. खेळ चांगला आहे, खोटं कशाला बोलू. लाकूड, विटा, लोकर, धान्य, खनिज गोळा करायचं, रस्ते आणि वस्त्या बांधायच्या, १० गुण आधी करेल तो जिंकला. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ वेळा सात येतो, म्हणजे सगळ्यात जास्त, आणि सात पडला की दरोडेखोर कुणाच्या तरी शेतात जाऊन बसतो. आमचा निपाणीचा तंबाखूवाला मित्र यात कुणाला ऐकत नाही. एक वीट देऊन दोन लोकर काढून घेणार आणि वर उपकार केल्यासारखं तोंड करणार. त्यात कुणाचा रस्ता दुसऱ्याच्या हद्दीत शिरला की, "आता ह्याचा निकाल पण सुप्रीम कोर्टातच," असं कुणीतरी म्हणतंच. सीमाप्रश्नाचा आपला दावा तिथं २००४ पासून आहे, त्यामुळे विनोद शिळा झाला तरी चालतो. पण नवीन माणसाला नियम सांगण्यातच अर्धा तास जातो, भजी गार होतात, आणि एवढं करून प्रत्येकाचं आपापलं. कुणी कुणाचं नाही.

मेंढीकोटात समोर भिडू असतो. सगळा फरक तिथं आहे. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, जास्त पकडेल ती जोडी जिंकली, चारही पकडल्या तर कोट. दोन-दोन झाल्या तर जिंकलेले हात मोजायचे. नियम संपले! आणि भिडूशी बोलायचं नाही. आमचा गोकाकचा कन्नड मित्र माझा ठरलेला भिडू. परवा कट हुकूम खेळत होतो, म्हणजे उतरलेला रंग ज्याच्याकडं नसेल तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम. हुकूम अजून ठरायचा होता. एकानं बदामाची नव्वी उतरली. माझ्याकडं बदाम एकच, तीही दश्शी. टाकावीच लागली. पुढच्यानं राजा मारला आणि "गेली रे मेंढी!" म्हणून हात पुढं केला. भिडू मात्र चिरमुरे चावत आपली पानं बघतोय. त्यानं सावकाश एक पान काढून ठेवलं. किलवरची दुर्री. त्याच्याकडं बदाम नव्हतेच, किलवर हुकूम झाला आणि आमची मेंढी आमच्याकडं परत आली. "एन ले इदु!" म्हणून राजावाला ओरडला तो ओरडलाच. आणि मला दुर्री बघूनच कळलं, भिडूच्या हातात किलवर भरपूर आहेत. न बोलता एवढं सांगता येतं, ते कुठल्या खोक्यात मिळतं मला दाखवा.

यात कुणी मध्येच बाद होत नाही. डाव हरला तर जोडीनं हरतो, शिव्या वाटून घेता येतात. पिसायचं काम हरलेल्यांकडं. डाव आटपेपर्यंत चहा गार होत नाही. लाइट गेली तरी मेणबत्तीवर चालतं.

"थोडे पैसे लावूया की, मर्दा, मजा येईल," असं एकजण दरवेळी म्हणतो. नाही. पैसे लागले की भिडूची चूक ही चूक राहत नाही, उधारी होते. फोनवरच्या पैशाच्या खेळांवर केंद्रानं २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. आमच्या सतरंजीवर ती आधीपासूनच आहे, आणि घरच्या मंडळींनी आणलेली आहे.

पाचवा आला तर बदाम सात काढा, त्याला बाहेर बसवू नका. सहा झाले तर खुशाल कुणाचाही खोका उघडा, मी गप्प बसेन.

येत्या शनिवारी निपाणीकर येणार नाही, एक गडी कमी आहे. टिळकवाडी, अनगोळकडचं कुणी असेल तर कमेंटमध्ये कळवा. खोकून, नाक खाजवून खुणा करणारे नकोत. तसला एक आहे आमच्यात, पुरे झाला.