ऑर्व्हिएतोसाठी अख्खा दिवस का दिला

नमस्कार. ऑर्व्हिएतो या इटलीतल्या डोंगरावरच्या गावाच्या लेखावर तुम्ही इतके सविस्तर लिहिलेत, तेव्हा दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: रोमहून एका दिवसात फ्लोरेन्स आणि पिसा दोन्ही झाले असते, तिथे आम्ही "एक चर्च आणि एक विहीर" यांत दिवस घालवला. डोंगरावरच्या गावात म्हाताऱ्या सासूबाईंना आणि मुलांना नेणे हा निव्वळ हट्ट होता. आणि आपल्या गडांवर पाण्याची टाकी असताना तिकडच्या विहिरीचे एवढे कौतुक कशाला.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर रेल्वेच्या वेळापत्रकातच आहे. रोम ते फ्लोरेन्स वेगवान गाडीने दीड तास, पुढे पिसा एक तास, पिसाहून परत रोम तीन तासांच्या आसपास. म्हणजे साडेपाच तास नुसते गाडीत, शिवाय स्टेशनांवर ताटकळणे वेगळे. ऑर्व्हिएतोला साधी गाडी सव्वा ते दीड तासात पोचवते. मुले सोबत असताना हा फरक फार मोठा असतो.

"हट्ट" हा शब्द मात्र मला लागला. सासूबाईंना झेपेल का, हे पाहूनच गाव निवडले होते. डोंगर पायी चढावा लागत नाही. स्टेशनाच्या समोरूनच दोरावर ओढली जाणारी छोटी रेल्वे, फ्युनिक्युलर, वर जाते. १८८८ साली ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची: वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरले की तो जड होऊन खाली यायचा आणि खालच्या डब्याला वर ओढायचा. १९७० मध्ये ती बंद पडली आणि १९९० मध्ये विजेवर पुन्हा धावू लागली. वर पोचल्यावर गाव बहुतेक सपाट आहे आणि कथेड्रलच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या, चौकापर्यंत छोटी बस जाते. विहिरीत आम्ही उतरलो तेव्हा सासूबाई आणि माझा नवरा शेजारच्या जुन्या किल्ल्याच्या बागेत पालिया नदीचे खोरे पाहत बसले होते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी विहिरीच्या पायऱ्या टाळाव्यात, हे माझे आजही ठाम मत आहे.

आता विहीर. तुमच्या प्रतिक्रियेत ती एका शब्दात निकालात निघाली, म्हणून इथे जरा रेंगाळते. बोल्सेना सरोवराच्या परिसरातल्या ज्वालामुखींनी सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी जी राख ओकली, तिचाच ऑर्व्हिएतोच्या डोंगराचा दगड झाला. त्याला टफ म्हणतात. तो मऊ आणि सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली जाते आणि टफखालच्या चिकणमातीच्या थराशी अडते. त्यामुळे झरे कड्याच्या पायथ्याशी, आणि माणसे वर. या गावाचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो. रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या इट्रुस्कन लोकांनी माणूस जेमतेम मावेल अशा अरुंद विहिरी खडकात खोल खोदल्या. उतरण्यासाठी दोन्ही भिंतींत पाय रोवायला खोबण्या ठेवल्या. इ.स.पू. २६४ मध्ये रोमनांनी त्यांचे शहर उद्ध्वस्त केले, पण त्या विहिरी गावाखाली अजून आहेत.

१५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटले आणि पोप सातवा क्लेमेंट ऑर्व्हिएतोच्या आश्रयाला आला. वेढा पडला तर पाण्याचे काय, ही चिंता त्याला होतीच. त्याने वास्तुविशारद धाकट्या अंतोनिओ दा सांगाल्लोला विहिरीचे काम दिले. १५३७ मध्ये विहीर पूर्ण झाली, तोवर क्लेमेंट वारला होता. खोली ५३ मीटर, रुंदी १३ मीटर. आतल्या पोकळीभोवती दोन वेगवेगळे गोल जिने आहेत, प्रत्येकाला २४८ पायऱ्या. एकाने रिकामी खेचरे खाली जायची, तळाच्या छोट्या पुलावरून पलीकडे जाऊन दुसऱ्याने भरलेल्या पखाली घेऊन वर यायची. समोरासमोर गाठ पडायची नाही. मुलगी पुढे पळाली होती. आम्ही अजून उतरतच होतो आणि ती पलीकडच्या जिन्याच्या खिडकीतून आम्हाला हाका मारत वर निघाली होती! दोन जिने म्हणजे काय, हे मला मुलांना समजावून सांगावेच लागले नाही.

आणि पाण्याची ही कथा तिथे संपत नाही. आधुनिक काळात गावात नळ आणि गटारे आली, त्यांतून गळणारे पाणी टफमध्ये मुरू लागले आणि कड्याची झीज वाढली. सत्तरच्या दशकात दरडी कोसळल्यावर इटलीने १९७८ मध्ये ऑर्व्हिएतो आणि तोदी या दोन गावांचे डोंगर सावरण्यासाठी खास कायदा केला. जे गाव शतकानुशतके पाण्यासाठी धडपडले, त्याला पुढे पाण्यापासूनच वाचवावे लागले.

गडांविषयी तुम्हाला जो जिव्हाळा आहे तोच मलाही आहे, आणि म्हणूनच ही तुलना मला मोलाची वाटते. आपला बेसाल्ट कठीण. त्यात कोरलेल्या टाक्यात पावसाळ्याचे पाणी वर्षभर टिकते. सिंहगडचे देवटाके पाहा. रायगडावर गंगासागर आहे. आपल्याकडे पाणी वरच साठवता आले, त्यांना ते खाली जाऊन आणावे लागले. एकाचे कौतुक केले म्हणून दुसऱ्याचे महत्त्व घटत नाही. सिंहगडावर मुले आता टाक्याच्या काठाशी थांबून प्रश्न विचारतात, याचे मला फार समाधान आहे.

"एक चर्च" याबद्दलही सांगते. १२९० मध्ये पायाभरणी झालेल्या त्या कथेड्रलच्या दर्शनी भिंतीवरची शिल्पे डोळ्यांच्या उंचीपासून सुरू होतात. आदमच्या बरगडीतून हव्वा घडते तो प्रसंग मुलांनी कुणी न सांगता ओळखला. आत चित्रकार लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ या काळात रंगवलेल्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, शेवटच्या न्यायाच्या दिवशी मेलेली माणसे जमिनीतून स्वतःला वर ओढून काढताना दिसतात, काही अजून सांगाडेच आहेत. सासूबाई तिथे सर्वांत जास्त वेळ बसल्या. जेवणाचे म्हणाल तर पीठ-पाण्याची, हाताने वळलेली जाड शेवयांसारखी उंब्रिकेल्ली टोमॅटोच्या रश्श्यात मिळाली आणि त्या पोटभर जेवल्या.

पिसा जरूर पाहा, पण त्यासाठी फ्लोरेन्सला मुक्काम करा. ऑर्व्हिएतोला गेलात तर कथेड्रल, विहीर आणि गावाखालची भुयारे मिळून एकच तिकीट निघते, ते घ्या. भुयारांत कबुतरे पाळण्यासाठी खडकात कोरलेले शेकडो कोनाडे आहेत. वेढ्यातही ती बाहेर उडून आपले दाणापाणी स्वतः मिळवायची, आणि गावाला मांस मिळायचे. तुमच्या मुलांना तेच सर्वांत आवडेल असा माझा अंदाज आहे.