दरोडेखोराची थाळी

रविवारी नवऱ्याने जाहीर केलं, "आज स्वयंपाक नको, बाहेर जाऊ." हे ऐकून पूर्वी मला आनंद व्हायचा. आता मी उठून कुकर लावते. पोरांच्या पोटात चार घास वरणभात गेल्याशिवाय त्यांना बाहेर जेवायला न्यायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. उपाशी पोर हॉटेलात वीस मिनिटं दम धरत नाही. "मग भरल्या पोटी त्यांना जेवायला नेता कशाला?" असं आईने एकदा फोनवर विचारलं होतं. तेव्हा मी कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

निघेपर्यंत अडीच वाजले. जर्मनीत बरीच हॉटेलं दुपारी दोन-अडीचला स्वयंपाकघर बंद करतात ते थेट साडेपाच-सहाला उघडतात, आणि आमच्या धाकट्याला खरी भूक लागते साडेतीनला. त्यामुळे कोलोनमध्ये आम्हाला ब्राउहाउसचा आधार. बियर बनवणाऱ्यांची ही जुनी हॉटेलं बहुतेक दिवसभर चालू असतात. शिवाय तिथे मुळातच एवढा गलका असतो की आमचा गलका त्यात खपून जातो.

इथल्या वेटरला क्योबेस म्हणतात. याकोब या नावाचं हे इकडचं बोलीतलं रूप. निळा एप्रन आणि फटकळ तोंड ही त्याची ओळख. क्योबेस गोड बोलायला लागला तर गिऱ्हाइकं काळजीत पडतील. मी पाणी मागितलं.

"पाणी? बरोबर साबण आणि टॉवेल आणू का?"

हा विनोद या शहरात कैक वर्षं चालू आहे आणि पाणी मागणाऱ्या प्रत्येकाने तो पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करायचा असतो. मी केला. पाव लिटरची बाटली आली, तीन युरोंची. साधं पाणी हवं हे सांगायचं राहिलं होतं, त्यामुळे आलं ते बुडबुड्यांचं. धाकट्याने एक घोट घेतला आणि "पाणी चावलं!" म्हणून भोकाड पसरलं.

तेवढ्यात क्योबेसने शेजारच्या टेबलाखाली वाडगाभर साधं पाणी आणून ठेवलं. फुकट, न मागता. तिथे एक डाक्सहुंड जातीचा कुत्रा बसला होता. बसला म्हणजे खरोखरच बसला होता, पुढचे पाय जुळवून. आमचा धाकटा रडं थांबवून त्या वाडग्याच्या दिशेने निघाला, त्याला मी मानगुटीला धरून परत आणलं. कुत्र्याच्या मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. फक्त त्यांनी आधी आमच्या मुलाकडे पाहिलं आणि मग आपल्या कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

थोरली सात वर्षांची. तिचं जर्मन आमच्यापेक्षा चांगलं आहे, त्यामुळे मेनूकार्ड तिच्याच हातात असतं. तिने "हाल्वर हान" वाचलं, म्हणजे अर्धा कोंबडा, आणि आम्ही काही बोलायच्या आत मागवून टाकला. आला तो राय नावाच्या धान्याचा पाव, त्यावर बोटभर जाड चीज आणि बाजूला मोहरीची चटणी. या शहरात हाल्वर हान म्हणतात तो हाच.

"कोंबडा कुठाय?" तिने क्योबेसला विचारलं.

"अर्धाच होता ना, उडून गेला."

"अर्ध्याला एकच पंख असतो. उडेल कसा?"

क्योबेसने पेन्सिल कानामागून काढून तिच्या हातात दिली आणि तो हसत निघून गेला. ही पेन्सिल पुढे महागात पडली.

धाकट्यासाठी आम्ही रॉयबरटेलर मागवला. शब्दशः अर्थ दरोडेखोराची थाळी. रिकामी ताटली आणि काटा-चमचा येतो, पोराने आईबापांच्या ताटातलं लुटून खायचं. बहुतेक ठिकाणी याचे पैसे घेत नाहीत. घरी आमच्याकडे हे रोजच चालतं, पण त्याला मेनूकार्डात मानाचं पान असेल असं वाटलं नव्हतं. मी रायबेकूखन घेतले होते, किसलेल्या बटाट्याची खरपूस धिरडी. सोबत सफरचंदाचा गर आणि साखरेच्या बिटाचा आटवलेला काळा पाक. दिसायला आणि चिकटायला थेट काकवी. धिरडी तीन होती. दोनांवर दरोडा पडला, तिसऱ्याचा काठ मला मिळाला.

नवऱ्याची अपेक्षा माफक होती: निवांत बसून दोन-तीन ग्लास क्योल्श. ही बियर इथे ०.२ लिटरच्या उभट ग्लासात मिळते. ग्लास रिकामा झाला की क्योबेस न विचारता नवा ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. बिल त्या रेघांवर. बास झालं की तीच चकती ग्लासावर झाकायची. हे सगळं आम्हाला माहीत होतं. धाकट्याला एवढंच माहीत होतं की पाण्याचं भांडं उघडं ठेवायचं नाही, त्यात माशी पडते. घरी मीच शिकवलंय. पहिला ग्लास संपल्यावर त्याने शहाण्यासारखं झाकण घातलं. क्योबेस भरल्या ग्लासांचं तबक घेऊन चारदा आमच्यावरून गेला, आणि नवरा "आज सर्व्हिस ढिली आहे" म्हणत राहिला.

बिलाच्या वेळी क्योबेसने ती चकती उचलली. तिच्यावर बारा रेघा. एक त्याची, अकरा थोरलीच्या. "ते कुंपण आहे," ती म्हणाली. "कोंबडा पळू नये म्हणून." क्योबेसने नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, बऱ्याच सहानुभूतीने.

या गडबडीत माझ्या लक्षात आलं की पाचेक मिनिटं धाकट्याचा आवाज नाही. पाकाची वाटीही टेबलावर नाही. मी खाली वाकून पाहिलं. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, केसांचा एक झुपका कपाळाला चिकटलेला, आणि तो शिस्तीचा डाक्सहुंड डोळे मिटून त्याचं कोपर चाटतोय. वाटी दोघांच्या मधोमध, लख्ख. शेजारून मालकीणबाईंची किंकाळी आली.

क्योबेस गेला आणि ओला टॉवेल घेऊन आला. काही न बोलता तो त्याने माझ्यासमोर ठेवला.

"आणि साबण?"

मी म्हटलं, "हो, आणा."