सिझर झालं, पण सीझरचं नाही

बारशाला गेलं की पाळण्याआधी प्रश्न कानावर पडतो, "नॉर्मल की सिझर?" परवा अशाच गप्पांत एका मावशींनी मोबाइल पुढे केला. फॉरवर्ड नेहमीचाच: ज्युलियस सीझर आईचं पोट कापून जन्मला, म्हणून या ऑपरेशनला सिझेरियन म्हणतात, पुढे त्याने तसा कायदाही केला.

जन्माचं आधी बघू. ज्युलियस जन्मला इ.स.पू. 100 मध्ये. त्याची आई ऑरेलिया गेली इ.स.पू. 54 मध्ये, तेव्हा लेक चाळिशी ओलांडून गॉलच्या (साधारण आजच्या फ्रान्सच्या) मोहिमेवर होता. त्या काळी रोममध्ये पोट कापायचे ते मेलेल्या बाईचं, मूल तरी हाती लागावं म्हणून. भूल नाही, गर्भाशयाला टाके नाहीत. एवढ्यातून उठून बाई पुढे 45 वर्षं नांदली म्हणता? मला नाही पटत.

नावही त्याच्या एकट्याचं नव्हे, घराण्याचं. बापाचं तेच, आणि इ.स.पू. 208 मध्येही एक सेक्स्टस ज्युलियस सीझर प्रेटरच्या, म्हणजे रोममधल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या, पदावर होता. मग घोळ कुठे झाला? प्लिनीपाशी. पहिल्या शतकातल्या या रोमन लेखकाने लिहिलं की सीझरांपैकी पहिला आईचं पोट कापून काढला, म्हणून ते नाव पडलं. लॅटिनमध्ये 'काएदेरे' म्हणजे कापणं. लोकांनी 'पहिला सीझर' म्हणजे ज्युलियसच धरला! खुद्द प्लिनीचं खरं मानलं तर गंगा उलटीच वाहते: सीझरवरून कापणं नव्हे, कापण्यावरून सीझर. दाट केसांना 'काएसारिएस' म्हणत, त्यावरून नाव आलं असंही रोमन सांगत. (ज्युलियसला टक्कल होतं आणि ते त्याला फार सलायचं, ते सोडा.)

कायद्याचं थोडक्यात. गरोदर बाई मेली तर मूल काढल्याशिवाय पुरू नये, हा रोमन नियम जुन्या राजांच्या काळचा मानला जाई. ज्युलियसचा त्यात हात नाही.

बाळंतपणाला 'सिझेरियन' हे विशेषण लावलं 1581 मध्ये, फ्रान्स्वा रूसे या फ्रेंच वैद्याने. ज्युलियसला मरून तेव्हा सोळाशेहून जास्त वर्षं झाली होती. जर्मनांनी तर 'कायझरश्निट', म्हणजे सम्राटाचा छेदच, करून टाकला. आपण शेपूट छाटून 'सिझर' म्हणतो, मग राजा आठवणारच. आणि 'सेक्शन'चं मूळही लॅटिनमधलं कापणंच, त्यामुळे प्लिनीच्या हिशेबाने 'सिझेरियन सेक्शन' म्हणजे निव्वळ पिवळा पीतांबर.