एकमत, पण कुणाकुणाचं?

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की गावोगावच्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो: ‘पूर्वी पारावर बसून सगळं गाव एकमतानं ठरवायचं. निवडणुकांनी गावं फोडली. सरपंच बिनविरोध करा. हीच आपली परंपरा, हीच खरी लोकशाही.’

‘सगळं गाव पारावर बसायचं.’ सगळं? माझी आजी पारासमोरून जाताना पदर पुढं ओढून झपाझप पावलं उचलायची. गावकुसाबाहेरच्यांना बोलावणं यायचं ते निकाल ऐकायला. उरलेल्यांचं एकमत व्हायला असा कितीसा वेळ लागणार?

‘बिनविरोध म्हणजे एकमत.’ जानेवारी २०२१ मध्ये नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथली निवडणूक राज्य निवडणूक आयोगानं रद्द केली. कारण पदांचा चक्क लिलाव झाला होता. उमराण्याची बोली तर देवळाच्या नावानं लागली होती. परंपरा म्हणायची ती एवढीच. सगळीच बिनविरोध गावं अशी नसतात, मान्य. पण अर्ज मागे घेणाऱ्याला आदल्या रात्री कुणी काय समजावलं, त्याची नोंद कुठं होत नाही.

‘निवडणुकीनं गाव फुटलं.’ बांधावरून भावकी फुटली तेव्हा कुठली आचारसंहिता लागली होती?

‘परंपरेला नावं ठेवणाऱ्यांना गाव कळत नाही.’ परंपरा नकोच, असं मी कुठं म्हणतोय? गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे गोंडांचं गाव बघा. तिथं बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं ठरतं. एकाला जरी पटलं नाही तरी विषय पुन्हा चर्चेला येतो, मग कितीही सभा लागोत. बाया बोलतात. सभेआधी अभ्यासगटात विषयाची चिरफाड होते. याच गावानं २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. म्हणजे जुनी रीत चालते, पण तिथं ‘नाही’ म्हणणाऱ्याची वाट बघतात. मजकुरातल्या गावात त्याला गप्प बसवतात.

आमच्याकडच्या ग्रामसभेचं सांगतो. शिपाई वही घेऊन दारात आला. आई ओसरीवर मेथी निवडत होती. “कसली सही?”

“काल ग्रामसभा झाली ना, काकू.”

वहीत सगळे ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ होते. आईनं हात पदराला पुसले आणि सही केली.