सोयरीक आणि सरहद्द

अमेरिकेतल्या धनाढ्यांच्या लेकी विलायतेतल्या उमरावांना दिल्या गेल्या, तो सगळा पैसे मोजून किताब विकत घेण्याचा व्यवहार होता, असे आपण सरसकट म्हणून टाकतो. ब्रिटिश मुत्सद्दी सर मायकेल हर्बर्ट यांच्या बाबतीत मला ते पटत नाही, कारण त्यांच्यापाशी विकायला वडिलोपार्जित किताबच नव्हता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना क्रिमियाच्या युद्धावर पाठवणारे मंत्री सिडनी हर्बर्ट यांचे ते धाकटे चिरंजीव. विल्टन हाउसचा वाडा आणि पेम्ब्रोकच्या अर्लची पदवी थोरल्या भावांकडे राहिली, यांच्या वाट्याला परराष्ट्र खात्याची नोकरी आली.

१८८८ मध्ये वॉशिंग्टनमधले ब्रिटिश प्रतिनिधी सॅकव्हिल-वेस्ट यांनी एका अनोळखी पत्रलेखकाला अमेरिकेच्या निवडणुकीत अध्यक्ष क्लीव्हलंड यांना मत देणे बरे, असे कळवले; त्या लेखकाचे पत्र बनावट निघाले आणि परक्या निवडणुकीत लुडबुड केल्याच्या ठपक्यावरून सॅकव्हिल-वेस्ट यांना देश सोडावा लागला. तेव्हा एकतीस वर्षांच्या हर्बर्ट यांनी वकिलातीचा कारभार सांभाळला. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे बँकर रिचर्ड विल्सन यांची कन्या लीला हिच्याशी त्यांचा विवाह झाला. या विल्सनांची सोयरीक न्यूयॉर्कच्या बड्या धनाढ्य घराण्यांशी: एक सून अ‍ॅस्टरांची, एक लेक गोलेटांकडे आणि आणखी एक पुढे व्हँडरबिल्टांकडे. जावयाला यातून नुसता पैसा मिळाला नाही. जी दारे परक्या मुत्सद्द्याला सहसा उघडत नाहीत, ती त्याच्यासाठी सासुरवाडीची झाली.

१९०२ मध्ये ते राजदूत म्हणून परतले, ते अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे जुने स्नेही म्हणूनच. ब्रिटन-जर्मनी यांनी केलेली व्हेनेझुएलाची नाकेबंदी अमेरिकनांना किती खुपते आहे, हे त्यांनी लंडनला वेळीच कळवले, आणि हे त्यांचे मोठेच काम.

अमेरिकेचा अलास्का आणि ब्रिटिश साम्राज्यातला कॅनडा यांच्यातल्या सरहद्दीच्या वादाचे मात्र मला खटकते. २४ जानेवारी १९०३ च्या करारात निवाड्यासाठी दोन्ही बाजूंनी तीन-तीन ‘नामवंत, निःपक्षपाती कायदेपंडित’ नेमायचे ठरले. अमेरिकेने नेमले कोण, तर खुद्द युद्धमंत्री रूट, शिवाय राजकारणी लॉज आणि टर्नर, ज्यांची मते आधीपासून जगजाहीर होती! (शब्द निःपक्षपाती, माणसे घरची.) ब्रिटनने ते चालवून घेतले, कारण अमेरिकेची मैत्री हवी होती, आणि तिची किंमत कॅनडाने मोजली. ही मैत्री जोपासण्यातच हर्बर्ट यांची हयात गेली होती, म्हणून या दोषातून त्यांना पुरते वगळावे असे मला वाटत नाही.

क्षयाने खंगलेले हर्बर्ट ३० सप्टेंबर १९०३ रोजी दावोसला वारले, तेव्हा ते अवघे शेहेचाळीस वर्षांचे होते. तीन आठवड्यांनी, २० ऑक्टोबरला निकाल लागला. ब्रिटनने नेमलेल्या तिघांपैकी इंग्लंडचे लॉर्ड अल्वरस्टोन अमेरिकेच्या बाजूने गेले आणि कॅनडाच्या दोन्ही सदस्यांनी त्यावर सही करायला नकार दिला.