चालत्या गाडीत फोर लो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, वीस वर्षं तुम्ही उमरेडकडच्या जंगलवाटांवर जिप्सी चालवताय, चालत्या गाडीत लो (चारही चाकं हळू पण जास्त जोरानं ओढणारा गिअर) टाकताय, आजवर गिअरचा एक दात तुटला नाही. गाऱ्यात नेहमी लोच हवा, असंही तुम्ही म्हणता. ‘गाडी पूर्ण थांबवूनच फोर लो टाका’ असं माझ्या लेखात लिहून मी नवीन पोरांना उगाच घाबरवतोय, कारण गाऱ्यात, म्हणजे चिखलात, गाडी थांबली की फसलीच.

यातलं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि माझा सगळा आग्रह त्यातूनच आलेला आहे. गाऱ्यात थांबा असं मी म्हणत नाही. गाऱ्याच्या अलीकडे, कडक जमिनीवर थांबा, असं म्हणतोय. लेखात हे नीट उलगडून लिहिलं नाही, ती चूक माझी.

आता दात घासतात कधी, ते बघू. ट्रान्सफर केसमध्ये (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीत) हायचा, म्हणजे नेहमीच्या वेगाचा, लो करताना एक दातेरी स्लीव्ह सरकून दुसऱ्या गिअरमध्ये शिरते. मुख्य गिअरबॉक्सात दोन्हीकडचा वेग जुळवून घेणाऱ्या सिंक्रो रिंगा असतात, तशा इथं बहुतेक गाड्यांत नसतात. एका बाजूचा वेग चाकं ठरवतात, दुसऱ्या बाजूचा गिअरबॉक्स. थारमध्ये लोचं गुणोत्तर २.४८ आहे, जिम्नीत २.००२. म्हणजे थार ताशी २० किलोमीटरनं चालत असताना लो लागायचा, तर आतल्या शाफ्टला होता त्याच्या अडीच पट वेगानं फिरावं लागतं. क्लच दाबलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, मग तो वेग त्याला देणार कोण? खर्रर्र आवाज येतो तो यामुळं. ताशी दोन-तीन किलोमीटरवर मात्र हा फरक इतका कमी असतो की स्लीव्ह खाच शोधून अलगद आत जाते. उलट पूर्ण उभ्या गाडीत कधी कधी दातासमोर दात येतो आणि लिव्हर अडतो. तेव्हा गाडी वीतभर पुढं सरकवावीच लागते.

म्हणजे तुमची पद्धत जुन्या जिप्सीसाठी बरोबर आहे, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. तुमचा हात बसलेला आहे, तुमची गाडी रांगत असते. पण ‘चालत्या गाडीत’ एवढेच दोन शब्द वाचून कालच थार घेतलेला मुलगा वीसच्या वेगात लिव्हर ओढतो. माझ्या डोळ्यांसमोर तो मुलगा आहे. नवीन गाड्यांची पुस्तिका तर लोसाठी गाडी उभी करायलाच सांगते.

आणि मी आधीच थांबून लो टाकण्यावर इतका अडून का बसतो, त्यामागं एक ऑगस्टची संध्याकाळ आहे. काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेतून परत येत होतो. पांदण ओली, पुढं नाला, नाल्यापलीकडं चढ. फोर हायमध्ये नाला पार केला, पण अर्ध्या चढावर गाडीचा दम गेला. भाचा खाली उतरून मागं उभा राहिला, दगड लावायला. मी घाईत लिव्हर लोकडं ओढला. खर्रर्र झालं, लिव्हर अर्ध्यात राहिला. तो लागला असं समजून मी पहिला गिअर टाकला आणि ब्रेकवरचा पाय काढला. गाडी सरळ मागं सुटली.

हाय आणि लोच्या मध्ये न्यूट्रल असतो, भाऊ. लिव्हर तिथं अडकला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा चाकांशी काही संबंध उरत नाही. पहिला गिअर टाका नाहीतर ऑटोमॅटिकला पार्कमध्ये ठेवा, गाडी धरते ती फक्त ब्रेकवर आणि हँडब्रेकवर. भाचा बाजूला उडी मारून वाचला. मी ब्रेक दाबेपर्यंत मागचं चाक बांधावर चढलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच्या जागी आणखी हळू हलणारं कुणी असतं तर, हा विचार आजही चढ दिसला की येतो.

गाऱ्यात नेहमी लोच हवा, या तुमच्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. उमरेडकडच्या बऱ्याच वाटा मुरुमाच्या. पाऊस पडला तरी खाली टणक लागतं, तिथं लो छान ओढतो. काटोल-कळमेश्वरची काळी माती वेगळी. ती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत गच्च बसते आणि टायर गुळगुळीत करून टाकते. तिथं लोचा पहिला गिअर टाकला की चाक जागेवरच फिरतं आणि स्वतःचा खड्डा खणतं. अशा मातीत फोर हायचा दुसरा आणि न तुटणारी गती बरी. लो टाकलाच तर त्यातला दुसरा किंवा तिसरा. लोची खरी जागा दगडांचा चढ, खोल नाला आणि तीव्र उतार. उतारावर लोचा पहिला टाकून क्लचवर पाय न ठेवता इंजिनच्या बळावर गाडी उतरवणं मला तर चढण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

डांबरी लागताच टू हायमध्ये, म्हणजे फक्त दोन चाकांच्या ओढीवर, यायचं, यावर आपलं एकमत आहेच. वळणावर पुढची-मागची चाकं कमीजास्त अंतर कापतात, मधे हा फरक सामावून घेणारं डिफरन्शियल नसल्यानं ताण साठतो आणि लिव्हर आवळून बसतो. अशा वेळी जोर न लावता गाडी चार हात सरळ मागं घ्यावी.

तुमच्या प्रतिक्रियेनंतर लेखातलं ते वाक्य बदललंय. आता ते असं आहे: ‘गारा लागायच्या आधी, कडक जमिनीवर, गाडी उभी करून लो टाका. जुन्या जिप्सीत हात बसलेला असेल, तर माणसाच्या चालीपेक्षा हळू रांगत टाकला तरी चालेल. चढ-उतारावर मात्र थांबूनच, हँडब्रेक ओढून, आणि लो लागल्याची खात्री होईपर्यंत गाडीच्या मागं-पुढं कुणालाही उभं राहू देऊ नका.’